गुरूने काय मागितले?

एकलव्याची गोष्ट शाळेत गुरुभक्तीचा आदर्श म्हणून शिकवतात. आपल्या घरात महाभारताची पोथी नसली तरी पोरगं ही गोष्ट घेऊन घरी येतंच. तेव्हा आईबापांनी ती नीट उलगडून सांगावी. सातपुड्यातला आपला शेजारी भिल्ल समाज तर एकलव्याला आपला पूर्वज मानतो.

एकलव्य हा निषादराज हिरण्यधनूचा मुलगा. द्रोणाने शिकवायचे नाकारले, म्हणून रानात मातीचा पुतळा करून तो स्वतःच शिकला. भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बाणांनी बंद करण्याइतका तरबेज झाला. त्याला राज्य नको होते, विद्या हवी होती. महत्त्वाकांक्षा होती ती द्रोणाची! द्रुपदाने केलेला अपमान त्याला सलत होता, म्हणून राजपुत्रांकडून त्याने दक्षिणा मागितली ती द्रुपदाला पकडून आणण्याची. आणि ज्याला एक अक्षर शिकवले नाही, त्याच्याकडून उजव्या हाताचा अंगठा! आम्ही कॉमर्सवाले विचारतो, दिले शून्य आणि वसूल केला अंगठा, हा हिशेब कोणत्या खतावणीत बसतो?

आता अंगुलिमालाची गोष्ट घ्या. त्याचे मूळ नाव अहिंसक. पालि अट्ठकथेनुसार तो तक्षशिलेला शिकत होता. हुशार, आज्ञाधारक. सोबत्यांनी मत्सराने आचार्यांचे कान भरले आणि आचार्यांनी दक्षिणा मागितली हजार बोटांची. गुरूचा शब्द मोडायचा नाही, एवढेच शिकलेला पोरगा खुनी झाला. पुढे तथागत भेटले. त्यांनी काही मागितले नाही. आपण थांबलो आहोत, आता तू थांब, एवढेच समजावले. भिक्खू झाल्यावर लोकांनी दगड मारून त्याचे डोके फोडले, तेही त्याने सोसले. शिष्य तोच, एका गुरूने त्याला हत्यारा केले, दुसऱ्याने अर्हत्पदाच्या वाटेला लावले.

बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर आणि जोतिबा फुले. तिघांपैकी एकालाही त्यांनी पाहिले नव्हते. फुले गेले २८ नोव्हेंबर १८९० रोजी, बाबासाहेब जन्मले १४ एप्रिल १८९१ ला. म्हणजे एकलव्यासारखेच न भेटलेल्या गुरूंकडून शिकणे झाले! फरक एवढाच, की इथे पुतळ्यामागून अंगठा मागायला कोणी आले नाही. आणि जे गुरू प्रत्यक्ष भेटले त्यांत कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले, पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला. बदल्यात काय घेतले? काही नाही.

अंगठा मात्र आजही मागितला जातो. आमच्यासारख्या कारकुनाच्या टेबलावर शाईचा पॅड असतो, त्याला ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या उचलीवर बाप अंगठा उठवतो आणि पाचवीतली पोरगी धाकट्याला सांभाळायला म्हणून सोबत निघते. तिने गणितात कितीही मार्क मिळवले असोत!

म्हणून विहारातल्या बंधुभगिनींना विनंती : दिवाळीआधीच शेजारच्या वस्तीत जा. कोण निघणार आहे ते विचारा. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. आपल्या गावात ते सुरू होणार का, हे मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा. मुकादम येऊन गेल्यावर विचारून उपयोग नाही.