यंत्राला डोळे कोण देतो?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची पुस्तके पुढ्यात घेऊन बसलेल्या तरुणांत अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका घेतलेल्यांची संख्या लहान नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-सांगलीकडून आलेली ही मुले. अणुविद्युत शाखेचे प्रमाणपत्र बॅगेच्या तळाशी आणि राज्यसेवेची जाहिरात डोळ्यांपुढे, अशा अवस्थेत वर्षामागून वर्षे काढीत असतात. तेथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आहे. रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी तेथे सुट्या मिळतात आणि पुण्यातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपले प्रकल्प त्या गल्लीच्या जिवावर पुरे करतात. नगर रस्त्याने पन्नासेक किलोमीटर पुढे गेले की रांजणगाव लागते. तेथील औद्योगिक क्षेत्राच्या तिसऱ्या टप्प्यात २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक उत्पादनाची वसाहत उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी केली. खर्च सुमारे ४९३ कोटी रुपये, त्यांपैकी सुमारे २०८ कोटी केंद्राचे अनुदान आणि अपेक्षित रोजगार पाच हजारांचा. अभ्यासिका, गल्ली आणि वसाहत या तिहींना जोडणारा एक धागा आहे. तो कोठे तुटतो हे पाहावयाचे असेल, तर सर्किट बोर्डाची जुळणी करणाऱ्या यंत्राच्या डोळ्यापर्यंत जावे लागेल.

जुळणी पूर्वी हाताने होत असे. सुट्या भागांना तारेचे पाय असत. ते बोर्डाच्या भोकांत घालावयाचे आणि खालून वितळलेल्या सोल्डरचा डाग द्यावयाचा. रेझिस्टरच्या अंगावर रंगीत पट्टे असत आणि ओळीने बसलेल्या स्त्रिया ते पट्टे अक्षरे वाचावीत तसे वाचीत. काळा म्हणजे शून्य, तपकिरी म्हणजे एक, लाल म्हणजे दोन. आता भागांचे पाय गेले आणि पट्टेही गेले. बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारा एक नेहमीचा रेझिस्टर १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. त्याच्या धाकट्या भावाची मापे ०.६ आणि ०.३ मिलिमीटर. मोहरीचा दाणा त्यापुढे थोराड दिसावा. चिमट्याने असे भाग ठेवणारा माणूस तासाला काही शेकडे ठेवील. मोठे यंत्र तासाला कित्येक हजार ठेवते. हे काम हातानेच चालावे, असा आग्रह आज कोणी शहाणा माणूस धरणार नाही.

यंत्राची रीत अशी. कागदी किंवा प्लॅस्टिकच्या फितीत एकेक भाग बसविलेला असतो. यंत्राची बारीक नळी तो हवेच्या ओढीने उचलते, पण उचलताना भाग थोडा सरकतो, थोडा फिरतो. म्हणून नळी तो भाग एका कॅमेऱ्यावर नेऊन धरते. हा कॅमेरा खालून वर पाहतो. भागाचा मध्य कोठे आहे आणि तो किती अंशांनी तिरका झाला आहे, हे संगणक चित्रावरून काढतो आणि तेवढी दुरुस्ती करून भाग जागेवर ठेवला जातो. दुसरा कॅमेरा वरून खाली पाहतो. बोर्डाच्या कोपऱ्यांवरील तांब्याच्या गोल खुणा हेरून बोर्ड स्वतः किती सरकला आहे ते तो ठरवितो.

जाहिरातीत या सगळ्याला स्वयंचलित ओळख म्हणतात. वस्तुतः यंत्राचा डोळा आंधळाच विकला जातो, असे म्हटले तरी चालेल. त्याला प्रत्येक भाग कोणीतरी शिकवावा लागतो. भागाची लांबी, रुंदी, उंची, पायांची संख्या आणि त्यांतील अंतर भरावे लागते. किती फरक चालेल आणि कितीपुढे भाग टाकून द्यावयाचा, ती मर्यादा ठरवावी लागते. प्रकाश बाजूने द्यावयाचा की समोरून, मंद की प्रखर, हे पाहावे लागते. कारण रेझिस्टरची चकाकणारी टोके आणि काळे अंग यांत संगणकाला फक्त टोकेच दिसतात, तर तपकिरी कपॅसिटरच्या बाबतीत अंग आणि पार्श्वभूमी एकच होऊन बसतात. कित्येकदा भागामागची नळीच उजळून दिसते आणि यंत्र नळीलाच भाग समजते. मग चित्रातला कोणता भाग झाकावा, करड्या रंगाची कोणती छटा पांढरी धरावी आणि कोणती काळी, याचे एकेक पाऊल लावीत बसावे लागते. एका कारखानदाराचा कपॅसिटर ओळखण्यास शिकलेले यंत्र त्याच मापाचा दुसऱ्या कारखानदाराचा कपॅसिटर नाकारते, कारण दुसऱ्याची टोके किंचित मळकट असतात. डायोडची पट्टी कोणत्या बाजूला आहे आणि आयसीचा पहिला पाय दाखविणारा ठिपका कोठे आहे, हेही यंत्राला आपोआप कळत नाही.

आणि येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे यंत्र भागाचे मूल्य बहुधा ओळखतच नाही. ते आकार ओळखते. रेझिस्टरवर १०३ असे छापलेले असले, म्हणजे तो दहा हजार ओहमचा, हे माणूस वाचू शकतो. लहान कपॅसिटरवर तर काहीच छापलेले नसते. फितीचे रीळ कोणते लावले, यावर सारे अवलंबून असते. रिळावरची पट्टीदार खूण तपासण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते, परंतु ती खूण योग्य रिळावर योग्य वेळी दाखविणारा हात माणसाचाच असतो. रीळ चुकले, तर यंत्र तीच चूक हजारदा, न थकता आणि अत्यंत सुबकपणे करील.

पुढचा टप्पा तपासणीचा. सोल्डरच्या भट्टीतून बाहेर आलेला बोर्ड दुसरे कॅमेरायंत्र तपासते आणि संशय येईल तेथे खूण करते. या खुणांत खोट्या तक्रारी पुष्कळ असतात. डाग जरा जास्त चमकला, बोर्डाचा रंग जरा बदलला, की यंत्र दोष दाखविते. म्हणून पडद्यासमोर एक माणूस बसवितात. यंत्राने पकडलेले प्रत्येक चित्र पाहून त्याने ठरवावयाचे: दोष खरा की खोटा. दिवसभर हेच. मान एका कोनात, डोळे पडद्यावर आणि एकेका चित्राला मिळणारा वेळ काही क्षणांचा. नव्या पद्धतीच्या यंत्रांत हा प्रत्येक निवाडा साठविला जातो आणि त्या साठ्यावरूनच यंत्र पुढच्या वेळी कमी चुकते. म्हणजे पडद्यासमोर बसलेली व्यक्ती एकाच वेळी दोन कामे करते. ती बोर्ड तपासते आणि यंत्राला शिकविते. वेतन मिळते ते पहिल्या कामाचे.

जुळणीच्या कारखान्यांत अशा जागी बसणाऱ्यांत कंत्राटी कामगार असतात, शिकाऊ उमेदवार असतात आणि त्यांत तरुण स्त्रियांचा भरणा मोठा असतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार असा उमेदवार कामगार नव्हे. त्याला वेतन नाही, विद्यावेतन आहे. कायद्याच्या लेखी जो शिकतो, तोच प्रत्यक्षात यंत्राचा मास्तर ठरावा आणि शिक्षण पुरे झाले की मास्तरालाच घरी पाठवावे, ही व्यवस्था कोणाच्याही न्यायबुद्धीला पटण्यासारखी नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर येथे श्रमातून भांडवल निर्माण होते आणि त्या भांडवलाची नोंद श्रमिकाच्या नावावर कोठेच होत नाही. रिकार्डोसारख्या पंडितानेही १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवे प्रकरण घालून, यंत्रामुळे कामगाराचे अहित होऊ शकते, हे आपले पूर्वीचे मत सोडून मान्य केले होते. त्याच्यापुढे असलेल्या यंत्राने कामगाराचा हात घेतला होता. आताचे यंत्र त्याची नजर घेते.

आपल्याकडे हा विचार पूर्वी झालाच नाही असे नाही. आयुर्विमा महामंडळाच्या संगणकांवरून देशभर वाद पेटला असताना १९६९ साली केंद्र सरकारने स्वयंचलनाविषयी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर, अहवाल १९७२ साली आला. पुढे १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांचा संघ यांच्यात संगणकीकरणासंबंधी करार झाला. त्या करारावर तेव्हा दोन्ही बाजूंनी टीका झाली, पण यंत्र कोणत्या अटींवर आणावयाचे हा वाटाघाटीचा विषय आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही, ज्या सुधारणेमुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे ती करण्यापूर्वी एकवीस दिवसांची नोटीस देण्याचे बंधन होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते उतरले आहे. परंतु रांजणगावसारख्या नव्या वसाहतीत ही तरतूद कोणाच्या उपयोगी पडणार? तेथे यंत्र पहिल्या दिवसापासूनच असते. कपात होण्याइतके कायम कामगार मुळात नेमलेलेच नसतात.

सरकारी पैशाचा हिशेब मांडला, की प्रश्न अधिक स्पष्ट होतो. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ मार्च २०२५ रोजी योजना मंजूर केली, तेव्हा तिची तरतूद २२,९१९ कोटी रुपयांची होती आणि अपेक्षित प्रत्यक्ष रोजगार ९१,६०० चा. भागाकार केला तर दर नोकरीमागे सुमारे पंचवीस लाख रुपये येतात. एवढा पैसा खर्च करू नये, असा याचा अर्थ नव्हे. सुटे भाग आयात करून त्यांची केवळ जुळणी करीत राहणे परवडणारे नाही, हे खरेच आहे; शिवाय या योजनेतील प्रोत्साहनाचा काही अंश रोजगाराशी जोडलेला आहे, हेही नमूद केले पाहिजे. पण पंचवीस लाखांत फक्त डोकी मोजावयाची आणि त्या डोक्यांत कोणते ज्ञान आले आणि कोणते बाहेर गेले, हे विचारावयाचेच नाही, ही कंजुषी आहे. पैशाची नव्हे, कल्पनेची.

यावर उद्योजकांचे उत्तर ठरलेले आहे. यंत्र शिकविणारी कुशल माणसे मिळत नाहीत, म्हणून परदेशी पुरवठादाराचा तंत्रज्ञ बोलवावा लागतो. या तक्रारीत तथ्य असेल. परंतु तीच तक्रार सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेपुढे उभे राहून केली, तर ती किती विपरीत वाटेल! अणुविद्युत शाखेच्या मुलाने चार वर्षांत ट्रान्झिस्टरची समीकरणे सोडविलेली असतात. जुळणीच्या यंत्रापुढे बसून एक कपॅसिटर त्याला ओळखावयास शिकविण्याची संधी त्याला मिळालेली नसते, कारण महाविद्यालयात ते यंत्रच नसते. आणि हे यंत्र आता केवळ धनिकांच्या आवाक्यातले राहिलेले नाही. ओपनपीएनपी नावाची एक मुक्त संगणकप्रणाली जुळणीची लहान यंत्रे चालविते. तिची दृष्टी ओपनसीव्ही या दुसऱ्या मुक्त प्रणालीवर उभी आहे. चित्र कसे झाकले, कोणती छटा धरली, हे प्रत्येक पाऊल त्यात उघडे दिसते, बदलता येते आणि दुसऱ्याला देताही येते. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत एकदा भरलेली भागांची माहिती बहुधा त्या कंपनीच्या यंत्रांपुरतीच राहते. यंत्र बदलले की कारखानदारालाच नव्याने श्रीगणेशा करावा लागतो. भोसरीतला लहान उद्योजक या कुलुपाने तितकाच बांधला जातो, हे समाजवाद्यांनी विसरू नये. गांधीजींनी यंत्राविरुद्ध एवढे लिहिले-बोलले, तरी सिंगरचे शिवणयंत्र त्यांनी अपवाद म्हणून वगळले होते. या लहान उघड्या यंत्राला त्या अपवादाशेजारी बसविण्यास हरकत नसावी.

मागणी फार मोठी नाही. सार्वजनिक अनुदानावर उभ्या राहणाऱ्या कारखान्यांत भागांच्या ओळखीची जी माहिती तयार होते, तिच्यातील सर्वसाधारण भागांपुरता हिस्सा, ज्यात कोणाचेही व्यापारी गुपित नाही, सर्वांना खुला असावा. पुण्यातील शासकीय तंत्रनिकेतनाने तो सांभाळावा. पडद्यासमोर बसून निवाडा देणाऱ्या आणि यंत्राला भाग शिकविणाऱ्या कामाची गणना कुशल कामात व्हावी, आणि किमान वेतनाची वर्गवारी ठरविताना कामगार संघटनांनी ते काम नाव घेऊन मांडावे. संघटनांनीही थोडे आत्मपरीक्षण करावयास हवे. बंद पडलेल्या कारखान्याच्या दारात त्या जितक्या तत्परतेने उभ्या राहतात, तितक्या तत्परतेने चालू कारखान्यातील या नव्या कामाचे स्वरूप समजून घेताना दिसत नाहीत. राहिला प्रश्न शिक्षणाचा. रांजणगावच्या वसाहतीची उभारणी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आहे आणि भूखंड देताना महामंडळ कारखानदाराशी करार करतेच. जुळणीचे एक यंत्र, कॅमेऱ्यासह, वर्षातून ठरावीक दिवस औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या आणि तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांसाठी मोकळे ठेवावे आणि ते शिकविणाऱ्या कामगाराला त्या दिवसांचे वेगळे मानधन द्यावे, एवढे एक कलम त्या करारात घालण्यास ना विधिमंडळाची गरज आहे, ना दिल्लीच्या परवानगीची.