तंबोऱ्याला जागा हवी

मैत्रिणींनो, लग्नात माहेराहून आलेला तंबोरा आज तुमच्या घरी कुठे आहे? बऱ्याच जणींचे उत्तर मला ठाऊक आहे. माळ्यावर नाहीतर कपाटाच्या मागे! आधी मुले लहान म्हणून तो वर गेला, मग वरच राहिला. वाद्य हाताशी असले तर कुकरच्या दोन शिट्यांमधल्या वेळातही हात तारांवर जातो. ते खाली काढायला स्टूल लागले, की गाणे उद्यावर पडते.

आमच्या मुरुडच्या जुन्या घरांत हा प्रश्नच नव्हता. भिंत चिऱ्याची आणि खुंटी दणकट. गवसणी घातलेला तंबोरा तिच्यावर निर्धास्त असायचा. आता पर्यटकांसाठी खोल्या काढताना, शहरातल्या फ्लॅटमध्ये तर सर्रासच, जिप्सम बोर्डाचे पार्टिशन घालतात. हा बोर्ड साधारण साडेबारा मिलिमीटर जाडीचा, आत पोकळी आणि ठरावीक अंतरावर पत्र्याचे उभे खांब. नुसत्या बोर्डात खिळा मारून वाद्य टांगले, तर भुगा होऊन खिळा वाद्यासकट खाली येईल.

म्हणून आधी खांब शोधा. फणस पिकलाय का ते बोटाने वाजवून बघतो ना, तशी भिंत वाजवत जा. पोकळ आवाज बदलून भरीव आला, की तिथे खांब असणार. खात्रीसाठी फ्रिजवर लावायचे लोहचुंबक भिंतीवरून फिरवा. स्क्रूच्या डोक्यांवर ते चिकटते. अशा खुणा एका उभ्या रेषेत आल्या, की पेन्सिलीने रेघ मारा. पुढचा खांब बहुधा दोन फुटांवर सापडेल. विजेच्या बटणांच्या सरळ वर किंवा खाली मात्र भोक पाडू नका बरं का!

दोन्ही खांबांना पुरेल अशी अडीच फुटी, पाऊण इंच जाडीची लाकडी फळी आडवी लावून घ्या. स्क्रू पत्र्यात बसणारे आणि पावणेदोन इंची हवेत, म्हणजे फळी आणि बोर्ड ओलांडून ते खांबात पकड घेतात. पार्टिशन अजून व्हायचे असेल, तर सुताराला बोर्डाच्या आतूनच प्लायवूड घालायला सांगा. फळीची गरजच उरणार नाही.

आता महत्त्वाचे. तंबोरा खुंट्यांवर लटकवू नये. त्या तारा पिळण्यासाठी आहेत, वजन पेलण्यासाठी नाहीत. भार भोपळ्याखाली द्यावा. जमिनीवर एक जड पाट, पाटावर मऊ सुती कापडाची मोठी चुंबळ आणि चुंबळीत भोपळा. घागर बसवतो तशीच! भिंतीवरच्या फळीला दोन बोटांचा लाकडी आकडा लावून त्यात दांडी फक्त अडकवायची. आकडा बाजूच्या खुंट्यांच्या चार बोटे खाली असावा. त्याला आतून मखमलीचा तुकडा चिकटवा आणि पुढून कापडी पट्टा बांधा, म्हणजे मुलांचा धक्का लागला तरी वाद्य कलंडणार नाही. तारा खोलीच्या बाजूला ठेवा. भोपळा फुगीर असल्यामुळे दांडी भिंतीपासून बरीच पुढे येते. म्हणून तंबोरा आधी पाटावर उभा करून हे अंतर मोजा आणि आकडा तेवढ्याच लांबीचा करून घ्या. पाटामुळे लादी पुसतानाचे पाणीही भोपळ्याला लागत नाही.

भिंत निवडताना पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा. ऊन, एसीचा झोत आणि स्वयंपाकघराची वाफही नको. आपल्या खाऱ्या हवेत पोलादी तारांना गंज पटकन चढतो. वाजवून झाले, की कोरड्या फडक्याने तारा पुसायच्या. बरेच दिवस वाजवायचा नसेल, तर तारा थोड्या सैल करून गवसणी घाला. महिन्यातून एकदा भोपळ्याखाली पिठासारखी पूड पडली आहे का ते बघा. पूड दिसली, की कीड लागली समजा आणि वाद्य कारागिराला दाखवा.

हा तंबोरा काही साधी वस्तू नाही. मिरजेचे कारागीर वाळवलेल्या भोपळ्यापासून तो एकोणिसाव्या शतकापासून घडवत आले आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी, घरंदाज बायकांनी चारचौघांत गाणे कमीपणाचे मानले जाई त्या काळात, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. आपल्याला मैफल गाजवायची नाही. पण घरात देवाला कोनाडा असतो, टीव्हीला भिंत असते, यजमानांच्या पुस्तकांना कपाट असते. मग आपल्या स्वरांना दोन हात जागा मागायला संकोच कसला?

तेव्हा या रविवारी तंबोरा माळ्यावरून उतरवा. सुतार यायचा तेव्हा येऊ दे. तोवर धूळ पुसा, तारा लावा आणि षड्ज धरून पाहा. आवाज थोडा कापेल, कापू दे. चार दिवसांत तो आपोआप ठिकाणावर येतो.