धंदा बुडेल म्हणे!

पीव्हीसीवर बोट ठेवणाऱ्यांना शेतकऱ्याची पर्वा नाही, असा युक्तिवाद नुकताच वाचला. पाईप स्वस्त झाला म्हणून पाणी बांधापर्यंत पोचले, व्हिनाइल क्लोराइड वायूचा नुसता बागुलबुवा केला जातो आणि कारखान्यांना आणखी जाच केला तर धंदा बुडेल, एवढे त्याचे सार.

पाईपबद्दल तक्रार नाहीच. तो ज्या वायूपासून बनतो त्याबद्दल आहे. आणि बागुलबुवा कसला? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हा वायू माणसाला निश्चित कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातला आहे.

पण 'धंदा बुडेल' हे ऐकून संताप येतो. अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या एका पीव्हीसी कारखान्यात रिअॅक्टर रिकामा झाला की भिंतींना पीव्हीसीची खपली चिकटलेली असे. कामगार आत उतरून ती खरवडत, राहिलेला वायू श्वासात घेत. असे काम करणाऱ्यांच्या बोटांच्या टोकांची हाडे झिजतात, हे साठच्या दशकातच डॉक्टरांनी नोंदवले होते. जानेवारी १९७४ मध्ये तिथले तीन कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमाने गेल्याचे जाहीर झाले. एरवी डॉक्टरांना क्वचितच दिसणारा हा कॅन्सर एकाच कारखान्यात तिघांना! तोवर हवेत ५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ५०० भाग, वायू चालत असे. इटलीत माल्तोनी या शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत मात्र २५० पीपीएमलाच उंदरांना हा कॅन्सर झाला होता. अमेरिकी सरकारने मर्यादा १ पीपीएमवर आणली. उत्पादकांनी आकांत मांडला: हे अशक्य आहे, कारखान्यांना टाळे लागेल, लाखो लोक बेकार होतील. झाले काय? गळती बुजवली, निसटणारा वायू पुन्हा वापरात घेतला, रिअॅक्टर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ लागले. थोड्याच वर्षांत मर्यादा पाळली गेली आणि पीव्हीसीचा धंदा वाढतच राहिला. अशक्य म्हणून जे सांगितले, ते करायचेच नव्हते.

अॅस्बेस्टॉसच्या वादातही हेच झाले. पुढे केले कामगाराचे पोट; त्याच्या फुप्फुसांचे नाव कोणी काढले नाही.

आमची मागणी साधी आहे. वायूची प्रक्रिया बंदिस्त हवी. हवेतले प्रमाण रोज मोजून कारखान्याच्या फाटकावर मराठीत लिहावे. यकृताची तपासणी कंत्राटी कामगारांचीही व्हावी, अहवाल त्यांच्या हातात मिळावा. हा कॅन्सर वीस-तीस वर्षांनीही उद्भवतो, म्हणून काम सुटल्यावरही तपासणी चालू राहावी आणि तिचा खर्च मालकानेच उचलावा.