गोल मोठा कीं डोकें?

विद्यार्थिमित्रहो, फुटबॉलचा सामना चालला असतां मैदानाच्या कडेला उभे राहून "डोकें लाव, भिऊं नको!" असें आम्ही कितीदां ओरडलों असूं याची गणती नाहीं. उंचावरून येणारा चेंडू पाहून जो मुलगा मान चुकवी, त्यास आम्ही भित्रा समजत असूं. आज ते शब्द आम्हांस परत घ्यावेसे वाटतात. त्याचें कारण एका थोर खेळाडूच्या चरित्रावरून ध्यानांत येईल. तें प्रथम ऐका.

बिली मॅकनील यांचा जन्म २ मार्च १९४० रोजीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरानजीक बेल्सहिल या गांवीं झाला. १९५७ सालीं ते ग्लासगोच्या सेल्टिक क्लबांत दाखल झाले व १९७५ सालीं खेळांतून निवृत्त होईपर्यंत तेथेंच राहिले. सेंटर हाफच्या जागेवर उभें राहून प्रतिपक्षाचे हल्ले परतविणें हें त्यांचें काम. आरंभ मुळींच सुखाचा नव्हता. १९६१ सालीं ते स्कॉटलंडतर्फे प्रथमच खेळावयास उतरले, त्याच दिवशीं वेंब्ली येथें इंग्लंडनें ९ विरुद्ध ३ गोलांनीं त्यांच्या संघाचा धुव्वा उडविला. क्लबाकडून खेळतांनाही कित्येक वर्षें एकही मोठें पारितोषिक त्यांच्या हातीं लागलें नाहीं. दुसरा एखादा खचून गेला असता. मॅकनील टिकून राहिले.

२४ एप्रिल १९६५ रोजीं स्कॉटिश कपचा अंतिम सामना डनफर्मलिनशीं झाला. दोन्ही पक्षांचे दोन दोन गोल झाले होते व थोडींच मिनिटें उरलीं होतीं. इतक्यांत कॉर्नरवरून आलेला चेंडू मॅकनील यांनीं उंच उडी घेऊन डोक्यानें जाळ्यांत धाडला, आणि सेल्टिकचें दैव पालटलें. मार्च १९६७ मध्यें युगोस्लाव्हियाच्या व्हॉयव्होदिना संघाविरुद्धही अगदीं शेवटच्या क्षणीं त्यांनीं असाच गोल केला. पुढें २५ मे १९६७ रोजीं लिस्बन येथें इटलीच्या बलाढ्य इंटर मिलान संघाचा २-१ असा पराभव करून सेल्टिकनें युरोपियन कप जिंकला. हा मान मिळविणारा तो पहिला ब्रिटिश क्लब. त्या अकरांपैकीं प्रत्येकाचा जन्म ग्लासगोच्या सुमारें ३० मैलांच्या परिसरांतला, आणि त्यांचे कप्तान होते मॅकनील!

या वैभवाचा शेवट मात्र मन हेलावून टाकणारा आहे. मॅकनील यांस स्मृतिभ्रंश झाल्याचें २०१७ सालीं त्यांच्या कुटुंबीयांनीं जाहीर केलें. २२ एप्रिल २०१९ रोजीं ते वारले. कप उंचावलेला त्यांचा पुतळा सेल्टिकच्या मैदानाबाहेर उभा आहे.

त्यांचा रोग चेंडूमुळेंच झाला असें आम्ही म्हणत नाहीं. एकट्या माणसाविषयीं तसें सिद्ध करतां येत नाहीं. परंतु २०१९ सालींच ग्लासगो विद्यापीठाच्या डॉक्टरांनीं ७,६७६ जुन्या धंदेवाईक खेळाडूंची इतर सुमारें २३,००० माणसांशीं तुलना केली. मेंदू झिजविणाऱ्या रोगांनीं होणारे मृत्यू खेळाडूंत सुमारें साडेतीन पट अधिक आढळले. २०२१ सालीं त्याच संशोधकांनीं असेंही दाखविलें कीं, अशा रोगांचा धोका बचाव करणाऱ्या खेळाडूंस सर्वांत अधिक, म्हणजे सुमारें पांच पट आहे; गोलरक्षकांस मात्र तो इतर लोकांइतकाच. डोक्यानें चेंडू परतविण्याचा प्रसंग कोणावर अधिक येतो व कोणावर क्वचित् येतो, हें तुम्हीच जाणतां.

"मग खेळच बंद करा," असें कोणी पालक म्हणतील. तें आम्हांस मान्य नाहीं. हृदयविकारानें व फुप्फुसाच्या कर्करोगानें होणारे मृत्यू याच खेळाडूंत इतरांपेक्षां कमी आढळले. खेळ हा शरीराचा मित्रच आहे. त्यांतील एक संवय तेवढी संशयास्पद आहे. २०२० सालीं स्कॉटिश फुटबॉल असोसिएशननें १२ वर्षांखालील मुलांस सरावांत डोक्यानें चेंडू मारण्याची मनाई केली. ज्या देशास आपल्या या शूर कप्तानाचा इतका अभिमान, त्यानेंच हा नियम करावा यांत मोठा बोध आहे. पुरता पुरावा येईपर्यंत वाट पाहणें हें मोठ्यांस शोभेल, पण लहानांच्या डोक्यांवर तो प्रयोग कां करावा?

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, लहान वर्गांतील मुलांनीं डोक्यानें चेंडू मारण्याचा सराव करूंच नये. पायांची सफाई, सोबत्यास अचूक चेंडू देणें, जागा राखणें हें शिकण्यास तें वय पुरेसें आहे. वरच्या वर्गांतील मुलांनींही त्याची घोकंपट्टी करूं नये. आणि डोक्यास मार लागल्यास तो लपवूं नये, ताबडतोब मैदान सोडावें. पालकांनीं व आम्ही शिक्षकांनीं अशा मुलास भित्रा म्हणूं नये.

मित्रहो, मॅकनील यांचें शौर्य त्यांच्या कवटीच्या कठीणपणांत नव्हतें. इतकीं वर्षें अपयश सोसूनही ते आपल्या जागेवरून हलले नाहींत, यांत तें होतें. तेंच त्यांच्यापासून घ्या. डोकें मात्र सांभाळा. खेळ संपल्यावरही तें तुम्हांस फार वर्षें लागणार आहे.