डोक्याची दुसरी इजा

मागच्या आठवड्यात या सदरात हेल्मेटबद्दल लिहिलं, तेव्हा एका वाचकाने विचारलं की एकदा डोकं आपटल्यावर डॉक्टरांच्या हातात उरतं तरी काय? बरंच उरतं. नेमकं किती, हे शोधण्यात रँडल चेस्नट या अमेरिकी न्यूरोसर्जनने आपली कारकीर्द घातली.

डोकं रस्त्यावर आदळतं त्या क्षणी मेंदूच्या ज्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. ही पहिली इजा. तिच्या भोवतीचा भाग मात्र जखमी असतो, मेलेला नसतो. पुढच्या काही तासांत त्याला रक्त आणि ऑक्सिजन पुरेसा मिळाला नाही, तर तोही जातो. ही दुसरी इजा. चेस्नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये डोक्याला गंभीर मार लागलेल्या ७१७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. अपघातापासून सुरुवातीचे उपचार होईपर्यंतच्या काळात ज्यांचं वरचं बीपी ९० च्या खाली गेलं होतं, अशांची संख्या साधारण तिसरा हिस्सा होती आणि त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण दुपटीहून जास्त. मोठी शस्त्रक्रिया नाही, महागडं औषध नाही. दंडाला पट्टा बांधून कुणालाही मोजता येणारा एक आकडा.

यातून एक गोष्ट ओघाने येते. मोठ्या माणसाचं बीपी नुसत्या डोक्याच्या माराने सहसा पडत नाही. ते पडलं असेल तर पोटात, छातीत किंवा मांडीच्या मोडलेल्या हाडाभोवती कुठेतरी बहुधा रक्त वाहतंय. सगळ्यांचं लक्ष फुटलेल्या डोक्याकडे असतं आणि मेंदू उपाशी पडतो तो पोटातल्या रक्तस्रावामुळे. श्वासाचंही तसंच. बेशुद्ध माणूस घोरायला लागला की जमलेल्यांना हायसं वाटतं, झोप लागली असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची जीभ मागे पडून श्वासाची वाट अडलेली असते. अशा वेळी कुणीतरी मायेने त्याच्या तोंडात पाणी ओततं आणि ते फुप्फुसात जातं. मी कळकळीने सांगतो, बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.

पण चेस्नट यांच्याबद्दल मला खरा आदर वाटतो तो पुढच्या कामासाठी. कवटीला छोटं भोक पाडून आत बारीक तार सोडायची आणि मेंदूवरचा दाब सतत मोजत राहायचा, ही श्रीमंत देशांतली रीत. १९९५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये तिची शिफारस होती, आणि त्या लिहिणाऱ्यांत चेस्नटही होते. पण या मोजणीने जीव वाचतात का, याची कठोर परीक्षा झालेली नव्हती. अमेरिकेत ती घेणं अवघड होतं, कारण तिथे रुग्णाला मॉनिटरशिवाय ठेवायला डॉक्टर तयारच होत नसत. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधले डॉक्टर मात्र सीटी स्कॅन आणि वारंवार तपासणी यांच्या भरवशावरच उपचार करत होते. तिथल्या ३२४ रुग्णांवर चाचणी झाली. २०१२ साली निकाल आला: मॉनिटर लावलेल्या आणि न लावलेल्या गटांत फारसा फरक नाही. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ३९ टक्के दगावले, दुसऱ्यातले ४१ टक्के.

न्यूरोसर्जनांमध्ये बरीच खळबळ उडाली. मेंदूवरचा दाब महत्त्वाचा नाही, असं काही या निकालाने ठरत नव्हतं; दोन्ही गटांतल्या रुग्णांवर कसून उपचार झाले होते. आपणच पुरस्कार केलेलं साधन तपासायला काढायचं आणि आलेला निकाल जसाच्या तसा छापायचा, याला हिंमत लागते. पुढे २०२० मध्ये मॉनिटर नसलेल्या ठिकाणी काय करावं, याची उपचारपद्धतीही चेस्नट आणि लॅटिन अमेरिकी डॉक्टरांनी मिळून मांडली.

ही उपचारपद्धती आपल्या उपयोगाची आहे. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी स्कॅन मिळतो, दाब मोजणारी तार मिळत नाही. मुंबईत केईएम आणि सायन रुग्णालयांतल्या अपघातग्रस्तांच्या नोंदी डॉ. नोभोजित रॉय आणि सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्यातल्या रुग्णालयांसह गोळा केल्या. त्यांतल्या दोन हजारांहून अधिक मृत्यूंचा एकेक करून अभ्यास झाला, तेव्हा निम्म्याहून अधिक टाळता येण्याजोगे निघाले.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या आल्या. गाडीत डॉक्टर असतो, बीपीचा पट्टा असतो, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असतो. माझी मागणी साधी आहे. डोक्याला मार लागलेला रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पाठवताना सोबतच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी वेळेसकट लिहिणं सक्तीचं करावं: बीपी, ऑक्सिजन आणि शुद्धीची पातळी. वाटेत दर पंधरा मिनिटांनी त्या पुन्हा लिहाव्यात. आणि हे कागद फाइलमध्ये पडून न राहता वर्षाच्या शेवटी एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अभ्यासाला जावेत.