खोट्या दागिन्याचा खरा फोटो

मराठीत इमिटेशन ज्वेलरीला सरळ 'खोटे दागिने' म्हणतात. लग्नघरात कुणी विचारलं, "हार सोन्याचा का गं?" की बाई बिनदिक्कत सांगते, "छे, खोटा आहे." यात कुणाची फसवणूक नसते. विकणारीला ठाऊक असतं, घेणारीला ठाऊक असतं आणि बघणाऱ्यांनाही बहुतेक ठाऊक असतंच. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून तर हे सांगताना कुणाचा आवाजही खाली जात नाही. माल खोटा असला तरी हा धंदा खरेपणावर चालतो. तो खरेपणा आता एआयने बनवलेले फोटो पोखरत आहेत, आणि त्यात माझ्यासारख्या इंजिनिअरांचा हात आहे. म्हणून हे भांडण मी आधी माझ्याच जातभाईंशी, आणि स्वतःशी, काढतो आहे.

आम्ही बदलापूर पूर्वेला शिरगावात राहतो. वहिनी तीन वर्षांपासून घरून दागिने विकतात. लोकलने सीएसएमटीला जायचं, भुलेश्वरमधून मणी, पेट्या, पदकं, खडे आणायचे, पुतणी शाळेतून यायच्या आत ओवायला बसायचं आणि रात्री सगळं आवरल्यावर फोटो काढायचे. फोटो म्हणजे जेवणाच्या टेबलावर जुन्या शालूचा तुकडा, त्यावर दागिना आणि वर ट्यूबलाइट. सोनेरी मणी त्या उजेडात हिरवट दिसायचे. पॉलिश केलेल्या पदकात मोबाइल धरलेला वहिनींचा हात आणि मागचा फ्रीज स्पष्ट दिसायचा.

या धंद्याची एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पारंपरिक दागिन्यांचा मोसम म्हणजे श्रावणातली मंगळागौर आणि भाद्रपदातल्या गौरी. त्यासाठीचे फोटो जुलैत काढावे लागतात. जुलैतलं बदलापूर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको; भरदुपारी घरात दिवा लावावा लागतो. म्हणजे मागणी सगळ्यात जास्त तेव्हाच उजेड सगळ्यात कमी. स्टुडिओत जावं, तर साडेचारशे रुपयांच्या चिंचपेटीला तो खर्च झेपत नाही.

तर गेल्या जुलैत वहिनी म्हणाल्या, "भावजी, एआयने फोटो चांगले होतात म्हणतात. बघा ना जरा." मी बघितलं. एक ॲप घेतलं, चिंचपेटीचा फोटो टाकला, 'एनहान्स' असं लिहिलेलं बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात चिंचपेटी संगमरवरावर, शेजारी मोगऱ्याची फुलं, खिडकीतून सकाळचं ऊन. आमच्या घरात संगमरवरही नाही आणि असं ऊनही नाही. मी खूश. वहिनींनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि मोजायला लागल्या.

"मी सातच पेट्या ओवल्यात, भावजी. या नऊ कुठून आल्या?"

यावर मी जे बोललो ते मला अजून लागतं. मी म्हणालो, "एवढं कोण मोजतंय?"

मोजणाऱ्या निघाल्या. त्या फोटोंवर चौदा ऑर्डरी आल्या आणि सहा दागिने परत आले. एकीने लिहिलं, पदक फोटोत ठसठशीत आहे, आलंय ते नखाएवढं. दुसरीचं म्हणणं, खडा लाल दाखवलात, आलाय मरून. तिसरीने काही लिहिलं नाही, फक्त एक तारा दिला. परतीचं कुरिअर वहिनींच्या खिशातून गेलं. ॲपच्या खिशातून काही गेलं नाही. त्याचं महिन्याचं भाडं मात्र वेळेवर कापलं गेलं.

आता धंद्यातली नव्हे, माझ्या शिक्षणातली गोष्ट. 'एनहान्स' म्हटल्यावर सामान्य माणूस समजतो की फोटो पुसून लख्ख केला, धूळ झटकली, उजेड वाढवला. चित्र तयार करणारं मॉडेल असं काही करत नाही. ते तुमचा फोटो बघून दुसरं चित्र काढतं. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं स्टेबल डिफ्यूजन घ्या. ते चित्रावर थेट काम करत नाही, आधी त्याला आक्रसून घेतं. ८ बाय ८ पिक्सेलचा चौकोन, म्हणजे लाल, हिरवा, निळा धरून १९२ आकडे. त्यांच्या जागी ते फक्त ४ आकडे ठेवतं. अख्खी चिंचपेटी एका फोटोत मावताना एकेक मोती जेमतेम तेवढ्या चौकोनाएवढा असतो. त्या मोत्याचा आकार, त्यावरची चमक, शेजारच्या मोत्यापासूनची फट, हे सगळं त्या चार आकड्यांत कोंबलेलं. पुन्हा चित्र उलगडताना जे उरलं नाही ते मॉडेल आपल्या अनुभवातून भरतं. नंतरची मॉडेल्स तपशील बरेच जास्त राखतात, पण बहुतेकांची रीत तीच: बघायचं आणि नव्याने काढायचं. मोत्यांसारखं काहीतरी काढायचं हे त्याला कळतं. सात की नऊ हा प्रश्न त्याला पडतच नाही.

आणि अनुभव कुणाचा? मॉडेलने नेकलेस लाखो पाहिले असतील, चिंचपेट्या किती पाहिल्या असतील? आमच्याकडे त्याने केलेले पराक्रम सांगतो. बुगडी कानाच्या वरच्या कडेला घालतात. त्याने ती पाळीत झुमक्यासारखी लोंबवली. नथ एका चित्रात उजव्या नाकपुडीत, दुसऱ्यात दोन्ही नाकपुड्यांच्या मधोमध. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांची त्याने दोन गुळगुळीत गोळे करून टाकले, कारण वाटी आतून पोकळ असते हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. तुशीचे गच्च बसवलेले मणी त्याने सुटे केले आणि मध्ये एक हिरा बसवला. चार बायकांना दाखवलं असतं तर चौघीही हसल्या असत्या. पण ही चित्रं इतकी चकाचक असतात की दाखवायच्या आधीच टाकली जातात.

त्यातून सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो एआयच्या बाईचा. आता दागिना मांडून ठेवायची गरज नाही, बटण दाबलं की गोरीपान, नऊवारीतली बाई तो घालून उभी. ती कुणीच नाही, म्हणून तिचे पैसे द्यावे लागत नाहीत. पण ती कुणीच नाही म्हणूनच तिच्या गळ्याला मापही नाही. खऱ्या गळ्यात दागिना घातला की तो कुठपर्यंत येतो, पदक केवढं आहे, हे न सांगता कळतं. जो गळा अस्तित्वातच नाही त्यावर दागिना मॉडेलला वाटेल तिथे बसतो. नखाएवढं पदक ठसठशीत झालं ते असं. वहिनींनी पहिली दोन वर्षं स्वतःच्या गळ्यात घालून, चेहरा कापून फोटो टाकले होते. ते फोटो सुंदर नव्हते, पण त्यांच्यावरून माप कळायचं. त्या दोन वर्षांत आकारावरून एकही दागिना परत आला नव्हता.

यावर मला ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं: जाहिरात कधी खरी असते का? हॉटेलच्या मेनूकार्डावरचा डोसा ताटात तसा येतो का? नाही येत. पण डोसा समोर आल्यावर तुम्ही तो बघता, मग खाता. ऑनलाइन दागिन्यात पैसे मोजेपर्यंत फोटोशिवाय हातात काही नसतं. आमच्या गाडीच्या लेडीज डब्यात कानातली विकणाऱ्या बायका चढतात. वहिनी पूर्वी नोकरीला जायच्या तेव्हा त्यांच्याकडूनच घ्यायच्या. तिथे अख्खं कार्ड हातात येतं. बायका फिरकी फिरवून बघतात, वजन अजमावतात, खडा नखाने हलवून बघतात, शेजारणीच्या कानाला लावतात, घासाघीस करतात आणि अंबरनाथ यायच्या आत सौदा तोडतात. ऑनलाइन विक्रीत हाताचं हे सगळं काम एकट्या फोटोवर आलं. तो साक्षीदार आहे. साक्षीदाराने सजून यायला हरकत नाही, साक्ष बदलायला आहे.

दुसरं उत्तर जास्त गोड असतं: यामुळे घरगुती विक्रेतीला मोठ्या दुकानाच्या बरोबरीने उभं राहता येतं. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे 'सक्षमीकरण' हा शब्द चहासारखा वाटला जातो. बघू या, कोण सक्षम झालं. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे, आणि जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. नियम योग्यच आहे. पण विक्रेता म्हणजे कोण? वहिनी. दोन जास्तीच्या पेट्या त्यांनी ओवल्या नाहीत, मागितल्या नाहीत, आणि दिसल्यावर बोट ठेवून दाखवल्या. तरी त्या जाहिरातीच्या धनी त्याच. ज्याने बटणावर 'एनहान्स' लिहिलं तो या व्यवहारात कुठेच नाही. नफ्यात भागीदार आणि तोट्यात अनोळखी, याला आपल्याकडे सक्षमीकरण म्हणत नाहीत. आणि मोठ्या दुकानाला सहा परत आलेले दागिने जाणवतही नाहीत; साडेचारशेच्या मालात वहिनींचा अख्खा आठवडा त्यात जातो.

तिसरं उत्तर: सगळेच करतात, आपण नाही केलं तर मागे पडू. हे खरं आहे, आणि यालाच मी सगळ्यात जास्त घाबरतो. कारण आमच्या पट्ट्याला संशयाने बघायची लोकांना आधीच सवय आहे. शेजारच्या उल्हासनगरचा 'मेड इन यूएसए' हा विनोद ऐकला नाही असा माणूस मुंबईत विरळा: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवलेल्या निर्वासितांनी शून्यातून कारखानदारी उभी केली, आणि जगाने लक्षात ठेवलं ते लेबल. मला तो विनोद कधीच आवडला नाही. पण त्यातसुद्धा जीन्स गिऱ्हाइकाच्या हातात असायची. कापड चोळून, शिवण ओढून बघता यायची. आता लेबल खरं, विकणारीचं नाव-पत्ता खरा, आणि वस्तू मात्र चित्रातली. सगळ्यांनीच असे फोटो टाकले तर गिऱ्हाईक कुणाच्याच फोटोवर विश्वास ठेवणार नाही. मग ते जाईल नावाजलेल्या दुकानात, जिथे विश्वास नावावर मिळतो. वहिनींसारख्यांकडे नाव नसतं. त्यांच्याकडे फक्त फोटो असतो.

मी एआय फेकून द्या म्हणत नाही. माझं पोट त्याच क्षेत्रावर आहे. दागिन्याला हात न लावता एआय वापरता येतं, एवढंच म्हणतो. पार्श्वभूमी काढून टाकणारं साधन वेगळ्या जातीचं असतं: कुठला पिक्सेल दागिन्याचा आणि कुठला शालूचा एवढंच ते ठरवतं, दागिन्याचे पिक्सेल होते तसे ठेवतं. बारीक साखळीत आणि जाळीच्या फटींत तेही चुकतं, पण खाडाखोड करतं, भर घालत नाही. फ्रीज काढा, शालू काढा, मागे पांढरं करा. मोती मोजून घ्या आणि मग टाका.

उरतो उजेड, आणि त्याचं उत्तर स्टेशनरीच्या दुकानात मिळालं. चकचकीत वस्तूचा फोटो म्हणजे निम्मा तिच्या आजूबाजूचा फोटो. सोनेरी मणी स्वतः कमी दिसतो, खोली जास्त दाखवतो. म्हणून खोली लपवायची. आम्ही खोक्याच्या तीन बाजू कापून बटर पेपर लावला, आत पांढरा कार्डशीट वाकवून ठेवला आणि खोकं खिडकीपाशी सरकवलं. ट्यूबलाइट बंद, कारण दोन रंगांचे उजेड एकत्र आले की सोनेरी रंग बिघडतो. फोन जवळ न नेता थोडा लांब ठेवून झूम, म्हणजे आकार वेडावाकडा होत नाही. पावसाळ्यात खिडकी कमी पडली तर बटर पेपरच्या बाहेरून दोन्हीकडे एकसारखे पांढरे बल्ब. आणि शेवटचा फोटो नेहमी तळहातावर. सगळा खर्च एका परतीच्या कुरिअरइतकाही आला नाही.

माझ्या जातभाईंकडे मागणी साधी आहे. वस्तू विकायच्या फोटोसाठी साधन बनवत असाल तर वस्तूचा भाग मॉडेलपासून कुलूपबंद ठेवा. बदलत असाल तर मूळ आणि नवा फोटो शेजारी शेजारी दाखवा आणि बदललेली जागा रंगवून दाखवा. हे करणं अवघड नाही, मी करून बघितलं आहे. आणि बटणावर 'एनहान्स' लिहू नका. 'नवीन चित्र काढा' असं लिहा. मग दाबायचं की नाही ते वहिनी ठरवतील.

परत आलेल्या सहा चिंचपेट्यांपैकी चार वहिनींनी सोसायटीतल्याच बायकांना विकल्या, हातात देऊन. उरलेल्या दोन उसवून पेट्या वेगळ्या केल्या. या वर्षी त्या पुन्हा ओवल्या जातील. या वेळी फोटोखाली वहिनी स्वतःच लिहिणार आहेत: पेट्या सात, मोत्यांचे सर चार, मोजून घ्या.