बाई हवी, तिचा नकार नको

कळसला किशोरींच्या बैठकीत मोबाइलवर मुलींच्या खोट्या चित्रफिती बनवल्या जातात, हा विषय निघाला. एकीने विचारलं, "मग आम्ही फोटोच काढायचे नाहीत का?"

मला फारसे न गाजलेले काही विज्ञानपट आठवले. सुजय डहाकेंच्या 'फुंतरू'त (२०१६) मुलगी नकार देते, तर कॉलेजातला मुलगा तिची होलोग्राम प्रतिमाच तयार करतो. 'द स्टेपफर्ड वाइव्ह्ज'मध्ये (१९७५) नवरे बायकांच्या जागी आज्ञाधारक यंत्रबायका आणतात. मनीष झांच्या 'मातृभूमी'त (२००३) मुली मारून टाकल्यामुळे गावात बाईच उरत नाही. सापडलेल्या एकीचं लग्न पाच भावांशी लावलं जातं.

कल्पना वेगवेगळ्या, मागणी एकच: बाई हवी, तिचं मत नको. दोष यंत्राचा नाही, ते वापरणाऱ्या सत्तेचा आहे. म्हणूनच बायकांच्या चळवळीने रेटा लावला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रात गर्भलिंगचाचणीविरोधी कायदा झाला, देशातला पहिला.

मैत्रिणींनो, फोटो काढू नका असं मुलींना सांगणं सोपं आहे. त्याऐवजी 'फुंतरू' गटात दाखवू या, मुलग्यांनाही बोलावू या. नंतर त्यांनाच विचारू या: ती 'नाही' म्हणाली, तिथेच गोष्ट का संपली नाही?